कुळागर, गोठा आणि घर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे गोव्यात थोड्याशा जमिनीवर घर, गुरे आणि नोकरी एकत्र सांभाळणाऱ्या कुटुंबांची आहेत. शिमगा जवळ आला आहे, काजू पिकू लागले आहेत आणि पावसाळ्यापूर्वीची कामे समोर आहेत, त्यामुळे ज्या प्रश्नांवर आत्ताच हालचाल करणे गरजेचे आहे तेच येथे घेतले आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे सुमारे चार हजार चौरस मीटरचे कुळागर (पोफळी, माड आणि मसाल्यांची मिश्र बाग) आहे. मी औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करतो, पत्नी अंगणवाडीत काम करते आणि आई-वडील, दोघेही सत्तरीच्या पुढचे, घरी असतात. सरकारी अनुदान घेऊन पाच संकरित गायी ठेवाव्यात, म्हणजे पुढे नोकरी सोडता येईल, असे मित्रमंडळी सुचवतात. आपले मत काय? — एक वाचक, वाळपई परिसर

उत्तर : पाच गायींचा विचार सध्या बाजूला ठेवावा आणि एका गायीने, फार तर दोन गायींनी सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आई-वडिलांचे वय आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रात तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गायीची धार पहाटे आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, वर्षाचे बाराही महिने काढावी लागते. तिला सुट्टी नसते. आपली रात्रपाळी असेल आणि पत्नीची कामावर जायची घाई असेल, त्या दिवशी शेण काढणे, वैरण टाकणे आणि दूध संस्थेपर्यंत पोहोचवणे ही कामे आपोआप वडिलांच्या अंगावर पडतील. वडील ती आनंदाने करतीलही, परंतु जूनच्या पावसात निसरड्या पायवाटेवरून पाच गायींच्या वैरणीचे भारे वाहणे त्या वयात त्यांच्यावर लादू नये. अनुदानामुळे खरेदीचा भार हलका होतो. रोजचे श्रम मात्र घरातल्या माणसांनाच करावे लागतात.

आता चाऱ्याचा हिशेब पाहू. साडेतीनशे ते चारशे किलो वजनाच्या दुभत्या संकरित गायीला रोज पंचवीस ते तीस किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो सुका पेंढा लागतो. पशुखाद्य शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि त्यावर प्रत्येक अडीच लिटर दुधामागे साधारण एक किलो द्यावे लागते. ही हिरवी वैरण घरची हवी असेल, तर एका गायीमागे संकरित नेपियरचे पाचशे ते सहाशे चौरस मीटरचे शेत लागते, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत पाणी पुरत असेल तरच. पाच गायींचे गणित मांडले तर आपले जवळजवळ तीन-चतुर्थांश कुळागर गवताखाली घालावे लागेल, आणि पोफळी तोडून गवत लावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. विकतच्या वैरणीवर पाच गायी पोसल्या तर दुधाचे पैसे आल्या वाटेने वैरणवाल्याकडे जातील. पोफळीची झावळ गळते तेव्हा तिच्याबरोबर येणारी पोवली (देठाचे रुंद आवरण) पुष्कळ घरांत जळणात जाते किंवा कुजते. ती स्वच्छ आणि बुरशी नसलेली असेल तर बारीक कापून पेंढ्यात मिसळावी, गुरे ती खातात आणि पेंढ्याची थोडी बचत होते.

एक गाय आपल्या कुळागराला काय देईल हेही पाहावे, कारण छोट्या बागायतीत गायीचे खरे मोल मला दुधापेक्षा शेणात अधिक दिसते. प्रत्येक पोफळीला वर्षाला सुमारे बारा किलो हिरवा पाला आणि बारा किलो कुजलेले खत द्यावे अशी शास्त्रीय शिफारस आहे. दिवसाला दहा किलो शेण देणाऱ्या गायीपासून वर्षाकाठी, कुजून घट झाल्यावरही, दीड-दोन टन खत हाती येते, म्हणजे सव्वाशे ते दीडशे पोफळींची सोय होते. त्यात गोठ्यातला ओला पेंढा आणि पाला मिसळला की हे प्रमाण आणखी वाढते. दोन गायी असतील तर मिश्र लागवडीच्या एक एकर कुळागराला विकतचे शेणखत फारसे आणावे लागणार नाही.

कोणती गाय घ्यावी, हे घरात ठरवावे. श्वेत कपिला ही गोव्याची स्वतःची, पांढऱ्या रंगाची गोजात आता राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. ती दूध थोडेच देते, परंतु येथील दमट उष्मा आणि गोचीड सोसते, डोंगरउतारावर चरते आणि कमी खाण्यावर टिकते. खतासाठी आणि घरच्या दुधासाठी गाय हवी असेल तर मी हिचाच विचार करीन. संस्थेला दूध घालायचे असेल तर संकरित गाय घ्यावी लागेल. पण ती उष्म्याने लवकर धापा टाकते आणि गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियासारख्या तापाला सहज बळी पडते, हे समजूनच घ्यावी. विकत घेताना दुसऱ्या वेतातली, नुकतीच व्यालेली गाय पाहावी, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची धार स्वतः समोर बसून काढून घ्यावी, चारही सड तपासावेत आणि विमा उतरवल्याशिवाय गाय घरी आणू नये. दुसरी गाय घेताना दोघींच्या वेतांत पाच-सहा महिन्यांचे अंतर ठेवावे. गाय सुमारे 280 दिवस गाभण राहते आणि विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावे लागते. दोघी एकाच वेळी आटल्या तर घरात दूध विकत आणण्याची पाळी येते.

माजाची लक्षणे ओळखण्याचे काम मात्र आपल्या आईकडे सोपवावे, कारण दिवसभर गोठ्याशी तिचाच संबंध राहील. गाय हंबरू लागली, खाणे सोडले, स्वच्छ काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसला की वेळ लिहून ठेवावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. हा माज हुकला तर एकवीस दिवस थांबावे लागते, आणि तेवढे दिवस गाय फुकट खाते.

गोठ्याला पक्का, किंचित खडबडीत आणि उताराचा कोबा घालावा आणि मूत्र व धुण्याचे पाणी खड्ड्यात साठवावे. ते कुळागराच्या पाटात सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तो पाट पुढे दुसऱ्यांच्या बागेत आणि कधी कोणाच्या विहिरीजवळ जातो, हे विसरू नये. योजनांची चौकशी पशुसंवर्धन खात्याच्या आपल्या जवळच्या दवाखान्यात करावी. नोकरी सोडण्याचा विचार मात्र एका गायीची दोन वेते पूर्ण होईपर्यंत मनात आणू नये.

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांच्या माडांची नवी पाने कातरलेली दिसतात. आमच्या शेणाच्या खड्ड्यातूनच भुंगे येतात असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यावरून दोन घरांतले बोलणे कमी झाले आहे. दोन्ही घरांचा शेजार आजोबांच्या काळापासूनचा आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते तसे आपण स्वतः जाऊन त्यांना सांगावे अशी माझी विनंती आहे. माडाची उलगडलेली झावळ दोन्ही बाजूंनी त्रिकोणात कातरलेली दिसते तेव्हा ते काम गेंड्या भुंग्याचे असते. हा भुंगा रात्री उडतो, माडाच्या शेंड्यातल्या कोवळ्या, मिटलेल्या पानात शिरतो आणि तेथे पोखरतो. छिद्राच्या तोंडाशी चावलेला चोथा बाहेर आलेला दिसतो. पान मिटलेले असताना झालेली ही इजा ते उलगडल्यावरच नजरेस पडते, म्हणून आज दिसणारी कातरण काही महिन्यांपूर्वीची असते आणि आजचा भुंगा कदाचित दुसऱ्याच पानात बसलेला असतो. अंडी तो कुजणाऱ्या पदार्थांत घालतो आणि शेणाचा खड्डा ही त्याची आवडती जागा आहे.

आपण एकदा फावड्याने खड्ड्याचा एक कोपरा हातभर खोल उकरून पाहावा. जेथे खत ओलसर आणि जेमतेम कोमट असते तेथे अंगठ्याएवढ्या जाडीच्या, मळकट पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंग वळवून पडलेल्या दिसतील. उजेडात आल्यावर त्या सावकाश वळवळतात आणि पळून जात नाहीत. अळीची अवस्था तीन-चार महिने चालते, म्हणजे जो खड्डा सहा महिने कोणी हलवत नाही त्यात एक पूर्ण पिढी तयार होते. उपाय खड्डा बुजवण्याचा नाही, तो वरचेवर हलवण्याचा आहे. महिन्यातून एकदा खत वरखाली करावे आणि त्या वेळी कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात; निघालेल्या अळ्यांपैकी फार थोड्या त्यांच्या नजरेतून सुटतात. मे महिन्यात तयार खत बागेत पसरून खड्डा रिकामा करावा. मेटारायझियम ही हिरवी बुरशी अळ्यांना रोगी करून मारते; तिची भुकटी पाण्यात कालवून ओलसर खतावर शिंपडावी. ती कोठे मिळेल याची चौकशी उत्तर गोव्यासाठी जुने गोवे येथे असलेल्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

माडावरचा उपायही बरोबरीने करावा. पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून शेंड्याजवळच्या तीन पानांच्या बेचक्यांत भरावी, आणि छिद्रात भुंगा असेल तर तारेच्या आकडीने तो ओढून काढावा. ही जखम उघडी राहिली तर तिच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो आला की माड सहसा वाचत नाही, त्यामुळे हे काम पुढच्या पाडपापर्यंत (नारळ उतरवण्यापर्यंत) लांबणीवर टाकू नये. दोन्ही घरांनी मिळून एकाच दिवशी पाडेली (नारळ उतरवणारा) बोलवावा, पेंडीचा खर्च आपण उचलावा आणि त्याच फेरीत दोन्ही आवारांची पाहणी करावी. गेल्या पावसाळ्यात पडलेला माडाचा बुंधा कोणाच्याही आवारात कुजत असेल तर तोसुद्धा भुंग्याचे घर होतो, तो फोडून जाळून टाकावा. भुंगा रात्री बराच लांब उडतो, त्यामुळे एकाच घराने केलेली स्वच्छता पुरत नाही, हेही या निमित्ताने शेजाऱ्यांशी शांतपणे बोलता येईल.

प्रश्न : काका, मी नववीत शिकते. आमची गाय या महिन्यात विणार आहे. जार (वार) पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, पहिले दूध जड असते, त्याने वासराला हगवण लागते, असे आजी म्हणते. विज्ञानाच्या बाई म्हणतात की लगेच पाजायला हवे. आजीला कसे सांगू? — डिचोली

उत्तर : तुझ्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. गाभण गायीच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून वासरापर्यंत जात नाहीत. ती सगळी चिकात उतरतात. वासराचे आतडे ही द्रव्ये जन्मानंतर पहिले काही तास उत्तम शोषून घेते, मग ती ताकद उतरत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. जार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात, म्हणजे तेवढा वेळ वाट पाहणे हे वासराचे सर्वांत मोलाचे तास घालवणे होय. वासरू जन्मल्यापासून अर्ध्या ते एका तासात त्याला चीक मिळाला पाहिजे. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात साधारण अडीच लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून पाजावा. हगवण लागते ती बहुधा एकदम खूप पाजल्याने किंवा घाणेरड्या भांड्याने.

बेंबीची नाळ पोटापासून दोन-अडीच इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून त्याखाली कापायची आणि टोकाला टिंक्चर आयोडीन लावायचे. गायीची जार कोणी हाताने ओढायची नाही किंवा तिला वजन बांधायचे नाही; बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवायचे. पडलेली जार कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही इतकी खोल पुरायची.

आजीशी वाद घालू नकोस. तिने आयुष्यभर गुरे जगवली आहेत आणि गाय केव्हा विणार हे ती तुझ्याआधी ओळखेल. तिला म्हण, की पहिला चीक वासराला पाजताना तू माझ्याजवळ बस आणि वासरू कसे उभे राहते ते आपण दोघी पाहू. संकरित गायीला वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक येतो. दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या चिकाचा खरवस आजीच्या हातचाच होऊ दे.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी माकडतापाचे रुग्ण झाले होते. आमची गाय आणि दोन शेळ्या जंगलाच्या कडेला चरतात आणि त्यांच्या अंगावर गोचीड असतात. दूध पिण्याने ताप येईल का, गाय विकावी का? — एक गृहिणी, सत्तरी

उत्तर : गाय विकण्याचे कारण नाही. माकडताप हा विषाणूचा आजार 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि सत्तरीत तो 2015 पासून दिसू लागला. तो माणसाला होतो तो संसर्ग झालेल्या गोचिडाच्या चाव्याने किंवा आजारी वा मेलेल्या माकडाच्या संपर्काने. गायीच्या दुधातून तो पसरत असल्याचे आढळलेले नाही, आणि दूध आपण उकळूनच पिता. गाय स्वतः या तापाने आजारी पडत नाही, परंतु जंगलातले मोठे गोचीड तिच्या रक्तावर पोसतात आणि वाढतात, म्हणून ती कोठे चरते याला महत्त्व आहे.

माणसाला चावणारे गोचीड बहुधा लहान, पिल्लाच्या अवस्थेतले, तिळाहून बारीक असतात आणि डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत सुक्या पाल्यात त्यांची दाटी असते. त्यामुळे या काळात गुरांना जंगलात न सोडता गोठ्यात किंवा घराजवळच्या कापलेल्या शेतात बांधावे. माझी सर्वांत आग्रहाची सूचना पातेऱ्याविषयी, म्हणजे सुक्या पाल्याविषयी आहे. गोठ्यात अंथरायला आणि बागेत घालायला जंगलातून पातेऱ्याचे भारे डोक्यावर आणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि गोचीड अंगावर येण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. या महिन्यांत अंथरायला पेंढा किंवा स्वतःच्या बागेतला पाला वापरावा. जंगलाच्या कडेला जावेच लागले तर पूर्ण बाह्या, पायमोजे आणि बूट घालावेत, आरोग्य केंद्राने दिलेले प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावावे, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबण लावून अंघोळ करावी.

गुरांच्या अंगावरचे गोचीड बोटांनी चिरडू नयेत. चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकावेत. औषध पशुवैद्यकांना विचारूनच लावावे आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही हेही त्यांच्याकडून लिहून घ्यावे. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. अचानक चढलेला ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंग मोडून येणे ही लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यात एक दिवसही न घालवता रुग्णालयात जावे आणि आपण जंगलाच्या कडेला गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

प्रश्न : दर रविवारी शहरातले मित्र काजू गोळा करायला मदतीला येतो म्हणतात. त्यांना काय काम द्यावे? — केपे

उत्तर : त्यांना अवश्य बोलवावे, कारण पिकलेले बोंडू (काजूची फळे) दररोज उचलावे लागतात आणि रविवारी दोन हात जास्त असले तर मोठा आधार मिळतो. फांद्या हलवून काजू पाडू द्यायचे नाहीत. आपोआप गळलेलेच उचलायचे, बी पिळून वेगळी करायची आणि तिला गर चिकटलेला राहू द्यायचा नाही. बिया दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवण्याचे काम आपण स्वतः करावे. पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने पाला बाजूला सारायला त्यांना शिकवावे, कारण या दिवसांत तेथे साप असतात, आणि वरच्या उत्तरातली गोचिडांची काळजी त्यांनाही लागू आहे. मित्रांना मजुरी देता येत नसेल, तर दुपारची पेज, सुक्या बांगड्याची किसमूर आणि निघताना बोंडूंच्या ताज्या रसाची बाटली त्यांना नक्की आवडेल.

प्रश्न : वडील वारल्यावर कुळागर मी आणि आई पाहतो. दोन भाऊ पणजी आणि मुंबई येथे असतात. चतुर्थीला ते येतात, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीचे) सामान आणि नारळ नेतात आणि उत्पन्नाचा हिशेब मागतात. यंदा मी स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या गायीच्या दुधाचाही हिशेब मागितला, याचे मला फार वाईट वाटले. वाटण्या करून टाकाव्यात का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, कारण घरी राहणाऱ्याचे श्रम रोजचे असल्यामुळेच बाहेरून येणाऱ्यांना ते दिसत नाहीत. तरीही हिशेब मागणे हा भावांचा हक्क आहे, आणि तो चोख ठेवलात तर त्याचा सर्वाधिक फायदा आपल्यालाच होईल. एक वही घालावी. सुपारी, नारळ, जायफळ, मिरी आणि केळी यांची विक्री पावतीसह एका बाजूला लिहावी आणि दुसऱ्या बाजूला सर्व खर्च लिहावा. त्यात पाडेल्याची मजुरी, पाटाची दुरुस्ती आणि कोळेरोगाची फवारणी येते. ही फवारणी पावसापूर्वी एकदा आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसऱ्यांदा करावी लागते, आणि शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद व एक किलो चुना या प्रमाणात केलेले बोर्डो मिश्रण घेऊन माणसाला प्रत्येक पोफळीवर चढावे लागते. ही फवारणी चुकली तर कोवळी सुपारी घोसाने गळते. एवढा खर्च आणि जोखीम भावांनी कागदावर कधी पाहिलेली नसावी. आपली स्वतःची मजुरीही गावात चालू असलेल्या दराने खर्चात धरावी. ती मागण्यात संकोच बाळगू नये. उरेल तेच वाटण्याचे उत्पन्न.

गाय आपली आहे, तिचे दूधही आपलेच. मात्र ती कुळागरातला चारा खाते आणि कुळागराला खत देते, या दोन्ही गोष्टी वहीत समोरासमोर लिहिल्या की दुधाविषयी बोलण्यासारखे फार उरणार नाही.

वाटण्यांविषयी दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्यात. आपल्या आई-वडिलांनी विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार या मालमत्तेचा अर्धा भाग मुळात आईचाच आहे. वाटणी होणार ती वडिलांच्या अर्ध्या भागाची. त्यात मुलगे आणि मुली सारखेच वारस असतात. आपण पत्रात बहिणीचा उल्लेख केलेला नाही. बहीण असेल तर तिला वगळून झालेले कोणतेही बोलणे पुढे टिकणार नाही आणि ते न्याय्यही होणार नाही. वारसांच्या पती-पत्नींचा सहभागही आवश्यक असतो. हे सारे 2012 च्या वारसा आणि इन्व्हेंटरी (वारसांमधील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) विषयक कायद्याच्या चौकटीत होते, त्यासाठी जाणकार वकिलाकडेच जावे. एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर एकाचे नाव लागले म्हणून इतरांचा हक्क संपत नाही.

माझे वैयक्तिक मत असे की कुळागर जमिनीवर कापून वाटू नये. एकाच झरीच्या पाण्यावर आणि एकाच पाटावर सारी झाडे उभी असतात. तुकडे पडले की पाण्याच्या पाळीवरून भांडणे होतात आणि वरचा तुकडा ओला व खालचा सुका राहतो. हक्क कागदावर ठरवून घ्यावेत, व्यवस्था एकाकडे ठेवावी आणि दरवर्षी सुपारीची विक्री झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, सर्वांनी हिशेबाला बसावे. चतुर्थीच्या दिवशी, आई नैवेद्याच्या धावपळीत असताना, हा विषय कोणीही काढू नये. माटोळीचे सामान मात्र भावांना मोजून देऊ नका. त्या घराच्या कुळागरातली कात्रे (सुपारीचे घोस) आणि नारळ आपल्या गणपतीवर असावेत असे त्यांना वाटते, याचा अर्थ त्या जागेवरची त्यांची माया अजून शाबूत आहे.

प्रश्न : दर उन्हाळ्यात आमच्या गावठी कोंबड्या माना वाकड्या करून, हिरवट शिटून मरतात. औषध सांगावे. — काणकोण

उत्तर : ही मानमोडी म्हणजे राणीखेत आहे; रोग झाल्यावर औषध नाही, लसच घ्यावी लागते. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकावा, चौथ्या आठवड्यात तीच लस पुन्हा द्यावी आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. आजारी कोंबड्या विकू नयेत, मेलेल्या चुना टाकून खोल पुराव्यात आणि बाजारातून आणलेले नवे पक्षी दोन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावेत. लसीची कुपी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात घालून आणावी. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाड्यावरच्या सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवून, सूर्य वर येण्याआधी, कोंबड्या खुराड्यातच असताना हे काम उरकावे.